शिवण संपेपर्यंत

९ जुलै

वर काय लिहायचं ते ठरेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. हवं ते समजा.

तुम्ही भेटायला नाही म्हणालात. दोन्ही पोरं समोरच्या नर्सबाईंकडे ठेवून मी सकाळपासून रांगेत उभी होते. खिडकीपाशी पोचले तेव्हा शिपाई म्हणाला, "तो नको म्हणतोय, बाई. पुढे सरका." रांगेतल्या बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. चोराच्या, दरोडेखोराच्या बायका आपापल्या नवऱ्याला भेटून जातात आणि मला माझ्याच नवऱ्यानं दारातून हाकललं. वा!

म्हणून हे पत्र. उत्तराची सक्ती नाही. हे पत्र तुमच्याआधी तिथले साहेब वाचतात म्हणे. साहेब, नमस्कार. यात काही भानगड नाही, दोन पोरांचा अभ्यास आहे फक्त.

मुलं आता घरीच शिकतात. मुख्याध्यापिकाबाई स्वतः घरी आल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाण्याच्या पेल्याला हातही लावला नाही. म्हणाल्या, "थोडे महिने घरीच शिकवा. मी पुस्तकं देते, परीक्षेला बसवून घेते." मी विचारलं, "आमच्या पोरांनी काय केलंय?" त्यावर त्या म्हणाल्या, "काही नाही. पण मोठीच्या बाकावर जी मुलगी बसायची ना, तिचे वडील रोज शाळा भरायच्या वेळी फाटकाशी येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत, नुसते उभे असतात. त्यांच्यासमोरून तुमच्या मुलीला मी आत कशी नेऊ?" मी त्यांनी आणलेली पुस्तकं ठेवून घेतली.

तेव्हा आता मीच बाई, मीच शिपाई आणि मीच घंटा. मोठी तिसरीत, भुंगा पहिलीत. त्याला अजून आपण भुंगाच म्हणतो, कारण तो अजून तसाच गुणगुणत असतो. तुम्ही दूर कामाला गेलाय असं त्याला सांगितलंय. मोठीला काही सांगावं लागत नाही. ती गाडीत होतीच.

एक विचारायचं होतं म्हणून आले होते, ते इथेच विचारते. कोर्टात तुम्ही मान खाली घालून म्हणालात, झोप लागली. झोप? सकाळी, गाडी चालवताना, मागे शाळेची पोरं बसलेली, त्यातली एक तुमची स्वतःची? दोन मुलं गेली. लोक मला विचारतात, आदल्या रात्री जागला होता का, पिऊन होता का.  शेजारी मीच तर होते, रात्रभर घोरत होतात तुम्ही. झोप पुरी झालेल्या माणसाला झोप कशी लागते हो?

पैशाची काळजी करू नका. दुकानदार काम देतोय. बाकी ठीक.

२ ऑगस्ट

पत्र पोचलं की नाही देव जाणे. पोचलं असं धरून पुढे लिहिते.

आमची शाळा सांगते. सकाळची कामं उरकली की स्वयंपाकघरातलं टेबल पुसायचं, म्हणजे शाळा भरली. खिडकीकडच्या बाजूला माझं शिवणयंत्र, टेबलाच्या एका बाजूला मोठी, समोर भुंगा. दुकानातून विजारी येतात त्यांचे खालचे काठ दुमडायचे, पडद्यांना कड घालायची, आणि ते करता करता "सात आठे किती?" हे ओरडायचं. यंत्राच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. घसा बसलाय माझा.

भुंग्याची गंमत ऐका. मला वाटलं, पोरगं हुशार आहे, चार दिवसांत वाचायला लागलं. मग एकदा मी पुस्तक नीट त्याच्यासमोर धरलं तर स्वारी गप्प. एक अक्षर येईना. मी पुस्तक फिरवलं, खालचं वर केलं, तर घडाघडा! तो इतके दिवस ताईच्या समोर बसून तिचंच पुस्तक बघून शिकत होता. अक्षरं त्याला उलटीच येतात. मी हसून हसून बेजार झाले आणि मग रडलेही. नर्सबाई म्हणाल्या, "होईल सरळ, एवढं काय मनाला लावून घेतेस!" आता त्याला मी मोठीच्या शेजारी बसवते. तर तो मान वाकडी करकरून वाचतो.

मोठीच्या कपाळावरचे टाके भरून आले. व्रण राहील. समोरचा दात अपघातात पडला होता, तिथे नवा यायला लागलाय, जरा तिरका आहे. अभ्यास बरा करते. पण तिचं मला खरं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पोरगी फार समंजस झालीय. भुंगा मी काही करत असले तरी "आई, आई, आई" करून डोक्यावर मिरे वाटतो. ती नाही. तिला काही विचारायचं असलं की उठते, वळसा घालून माझ्यासमोर येते आणि वही छातीशी धरून उभी राहते. माझा पाय यंत्राच्या पायडलवरून निघाला, सुई थांबली की मगच तोंड उघडते. मी भाजी चिरत असले तरी तेच, सुरी खाली ठेवेपर्यंत गप्प. शाळेत असती तर बाईंनी सगळ्या वर्गाला तिचं उदाहरण दिलं असतं.

तुमच्यावर गेली असती तर असं कधी घडलं नसतं. तुम्हाला कुठे दम निघतो?

२१ ऑगस्ट

आज रागात लिहितेय, आधीच सांगते.

बाजारात एका बाईनं मला बघून शेजारणीला सांगितलं, "ही त्या झोपाळूची बायको." हळू नाही सांगितलं. भुंगा बरोबर होता. घरी येईपर्यंत विचारत होता, "झोपाळू कोण? आई, झोपाळू कोण?" मी म्हटलं, तूच, सकाळी उठत नाहीस म्हणून. तर तो खूश झाला. आता स्वतःलाच झोपाळू म्हणवून घेतो आणि खोटं खोटं घोरून दाखवतो. ते ऐकलं की मोठी उठून न्हाणीघरात जाते आणि नळ सोडून बसते.

तुम्ही पिऊन होतात असं म्हणाला असतात तरी मी समजू शकले असते. ब्रेक लागला नाही म्हणाला असतात तर लोकांनी गाडीच्या मालकाला धरलं असतं. झोप लागली म्हणजे काय? म्हणजे त्या पोरांची तुम्हाला पापणी उघडी ठेवण्याइतकीही पर्वा नव्हती. लोक असंच म्हणतात. ज्या माणसाला दुपारी घटकाभर पडा म्हटलं तर "अजून एक खेप आहे" म्हणायचा तो माणूस हा नव्हे, असं मनात येतं. पण तुम्ही स्वतःच सगळ्यांसमोर बोललात, मग मी तरी कुणाच्या तोंडाला हात लावणार?

मोठीचं वाचन मागे पडलंय. मनात वाचते, मोठ्यानं म्हण म्हटलं की कुजबुजते. परवा दूध उतू गेलं. मी पलीकडे गिऱ्हाइकाची मापं घेत होते आणि ही शेगडीशेजारी उभी राहून दुधाकडे बघत होती. सगळं दूध शेगडीवर गेलं तरी तोंडातून शब्द नाही. मी चिडले, म्हटलं, "दिवसा स्वप्नं बघतेस का? बापावर गेलीस?" म्हणायला नको होतं. तिनं फडका घेतला आणि पुसत बसली.

उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल असं मी म्हटलं होतं, ते मागे घेते. दोन ओळी पाठवा.

१४ सप्टेंबर

भुंग्याचा हात भाजला. आधी सांगून टाकते, बोटं हलतात. उजवा तळवा आणि मनगटाची आतली बाजू. डॉक्टर म्हणाले, कातडी थोडी आखडेल, पण पेन्सिल धरता येईल. नर्सबाई रोज पट्टी बदलतात. तेव्हा तो एवढा ओरडतो की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहतात.

झालं ते असं. दुकानानं लांबलचक पडद्यांचं काम दिलं होतं. तशी शिवण मध्ये तोडली की वाकडी जाते, एका दमात न्यावी लागते. इस्त्री तापवून फळीवर ठेवली होती. भुंगा खाली बसून गाडी गाडी खेळत होता आणि इस्त्रीची वायर त्याचा रस्ता झाली होती. मोठी टेबलावरून उठली, वळसा घालून माझ्यासमोर आली आणि उभी राहिली. मला ती दिसली. तोंड उघडं होतं तिचं. मी मान वर न करता म्हटलं, "थांब गं, एवढी शिवण संपू दे."

ती थांबली.

इस्त्री पडली, भुंग्यानं ती झेलायला हात पुढे केला.

मला नंतर कळलं की ती उभी होती तिथून फळी समोर दिसते. वायर ओढली जाताना, इस्त्री सरकताना, सगळं तिला दिसत होतं. एक हाक मारायची होती. भुंग्याला दवाखान्यातून घरी आणलं, निजवलं, आणि मग मी तिच्या दोन थोबाडीत मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही, तिथून हललीही नाही. मी अजून मारेन म्हणून वाट बघत उभी राहिली. 

ही पोरगी मला कळेनाशी झालीय. तिच्या मनात भावाविषयी काही वाकडं आहे का, असासुद्धा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. तुम्ही इथे असता तर बरं झालं असतं, असं आज इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं.

१६ सप्टेंबर

हे लिहू की नको, याचा सकाळपासून विचार करतेय. साहेब वाचणार. वाचू देत. साहेब, नीट वाचा. तेव्हा दुसरीत असलेल्या पोरीला पकडून नेणार आहात का?

मी काल शाळा भरवली नाही. यंत्रावर कापड टाकून ठेवलं, हातात काहीही घेतलं नाही आणि तिच्यासमोर नुसती बसले. मग विचारलं, "इस्त्री पडताना तुला दिसत होती?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू शिवत होतीस."

"मग काय झालं?"

"कुणी काम करत असलं की हाक मारायची नसते."

"कुणी शिकवलं हे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हिला एवढंही कसं कळत नाही. म्हणाली, "हाक मारली की ते मागे बघतात. मग मरतात."

"कोण मरतं?"

"मागे बसलेले."

तुम्हाला पुढचं सांगायची गरज नाही. तुम्ही तिथे होतात. दात अपघातात पडला नव्हता, आधी पडला होता. गाडीतच, बोटानं हलवता हलवता हातात आला. ती तुमच्या मागच्याच सीटवर होती. तिनं हाक मारली, "बाबा, दात पडला, बघा ना!" आणि तुम्ही वळलात, "अरे वा!" म्हणालात. मी विचारलं, बाबांना झोप लागली होती ना? तर म्हणते, "ते तर गाणं म्हणत होते."

आणि नंतर, रस्त्याच्या कडेला, कपाळातून रक्त वाहत असताना तुम्ही तिचे खांदे धरून सांगितलंत, "तू हाक मारलीस हे कुणाला सांगायचं नाही. आईलापण नाही. बाबाला झोप लागली होती. समजलं?"

समजलं तिला. इतकं पक्कं समजलं की त्या दिवसापासून तिनं कामात असलेल्या कुणालाही हाक मारलेली नाही. आणि मी मूर्ख बाई, समंजस झाली म्हणून कौतुक करत बसले, तुम्हालाही कौतुकानं लिहून पाठवलं. तुम्ही ते वाचलंत तेव्हा तुम्हाला काय वाटलं हो? तुम्हाला तरी कळलं असेल ना?

मला तुमचा राग येतोय आणि तुमच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटतंय. पोरीचं नाव कोर्टात येऊ नये म्हणून तुम्ही गावभर झोपाळू झालात. माझ्याही नजरेतून उतरलात, तरी अवाक्षर काढलं नाहीत. भेट का नाकारली ते आता कळलं. समोर आला असतात तर मी तुमच्या तोंडावरून ओळखलं असतं.

पण ऐका. तुम्ही लपवलंत म्हणून तिला वाटतं की ते लपवण्यासारखं आहे. तिनं दोन मुलं मारली असं तिला वाटतं. त्यातली एक तिच्या बाकावर बसायची. हे ओझं घेऊन ती रोज माझ्यासमोर बसून पाढे म्हणते. माझं सांगणं ती ऐकत नाही, मी तिथे नव्हते ना! तुम्हीच सांगायला हवं. शिक्षा कमी होईल की नाही ते वकील बघतील, मला त्याच्याशी आत्ता घेणंदेणं नाही. तुम्ही तिला भेटा आणि खरं काय झालं ते मोठ्या माणसासारखं सांगा. हात जोडते.

५ ऑक्टोबर

उत्तर नाही. बरं.

ती आता जेवताना मलाही काही मागत नाही. मी घास घेत असले तर तेही काम. पाणी हवं असलं तर माझं जेवण संपेपर्यंत थांबते. भुंगा डाव्या हातानं अक्षरं काढतोय, वेडीवाकडी, पण निदान सरळ बाजूनं वाचायला लागलाय. मोठी त्याचा भाजलेला हात मांडीवर घेऊन बसते आणि फुंकर घालत राहते. पट्टीवरून. तो म्हणतो, "ताई, आता दुखत नाही," तरी फुंकर घालते.

मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप होता, सहामाही परीक्षेला दोघांना घेऊन या, माझ्या खोलीत बसवते. मोठी नाही म्हणाली. का, तर तिथे बाई काम करत असतील आणि आपल्याला शिंक आली तर? शिंक आली तर कुणीतरी मागे बघेल. हे तिनं मला शांतपणे समजावून सांगितलं, मी तिला बेरीज समजावते तसं.

तुमच्या मुलीचा आवाज जातोय. अजून काय लिहू?

२७ ऑक्टोबर

तुमचं कार्ड मिळालं. "घेऊन ये" एवढंच लिहिलंय, तेही पेन्सिलीनं. एवढंच पुरे.

तिला सांगितलं. तिनं विचारलं, "बाबा तेव्हा काही काम करत नसतील ना?" मी म्हटलं, नाही गं, नुसते समोर बसलेले असतील. तर कधी नव्हे ती स्वतःहून केस विंचरायला बसली. काय विचारायचं ते आरशात बघून ओठ हलवून म्हणत होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

अहो, तयारी करून या. मी तुम्हाला ओळखते. तिचा चेहरा बघितलात की तुम्ही विरघळाल आणि जे तोंडाला येईल ते बोलाल. विरघळू नका.

९ नोव्हेंबर

तुम्ही काय केलंत हे?

तुम्ही किती वाळलात, दाढी किती पांढरी झाली, हे मी घरी येऊन आठवलं तेव्हा रडले. पण तिथे मी फक्त तिच्याकडे बघत होते. काचेच्या अलीकडे माझ्या मांडीवर बसून तिनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. इतके दिवस घोकलेलं वाक्य तिनं नीट म्हटलं, "बाबा, मी हाक मारली म्हणून झालं ना?" पलीकडे काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, पण काचेतून तुमचं हसणं दिसलं. मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि मांडीवरून उतरली. तुम्ही मला म्हणालात, "झालं, काढून टाकलं तिच्या डोक्यातून." वर समाधानानं मान हलवलीत.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, बाबा काय म्हणाले? तर म्हणाली, "कुठली हाक, मी काही ऐकलंच नाही, मला तर झोप लागली होती."

मी म्हटलं, "मग?"

"खोटं. त्यांनी दात बघितला होता. 'अरे वा' म्हणाले होते." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अजून लपवतायत. म्हणजे माझंच आहे."

बसमध्ये माणसं होती. मी कुणाची पर्वा केली नाही. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि तुम्ही जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं. म्हटलं, "हो, बाबा खोटं बोलले. तू हाक मारलीस, हे खरं. ते मागे वळले, हेही खरं. पोरांनी हाका मारायच्याच असतात. दात पडला की सांगायचंच असतं. पण गाडी चालवणाऱ्यानं पुढे बघायचं असतं. ते तुझं काम नव्हतं. ते एकट्या त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते तेवढ्या वेळापुरतं सोडलं. चूक त्यांची आहे. सगळी."

तुमच्याविषयी पोरीजवळ असं बोलले. तुम्ही तिला वाचवायला निघालात आणि मी तुम्हाला तिच्यासमोर गुन्हेगार केलं. इतके महिने मी लोकांसमोर गप्प राहिले आणि सगळ्यात वाईट शब्द आपल्या लेकीला सांगितला. मला माफ करा असं म्हणणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

तिनं विचारलं, "मग बाबा वाईट आहेत?" मी म्हटलं, "वाईट नाहीत. चुकले. पण त्यांची चूक तू घ्यायची नाहीस." तिनं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. घरी येऊन झोपली. ताप आला.

२३ नोव्हेंबर

ताप उतरला. त्यानंतर बरेच दिवस घरात नुसती शांतता होती. मला वाटलं, मी घोडचूक केली. हिच्याकडे आता बापही उरला नाही आणि ओझंही तसंच राहिलं. नर्सबाईंनाही वाटलं तसं, त्या मला म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला कशाला सांगितलंस?" 

काल शाळा भरली होती. मी तिला वजाबाकी घातली होती. हातचा घ्यायला विसरली, उत्तर चुकलं. मी म्हटलं, "चुकलं गं, पुन्हा बघ." साधं म्हटलं, रोज म्हणते तसं. तर तिनं पेन्सिल फेकली. ती भिंतीला लागून तुटली. मग वही, मग पुस्तक. भुंगा घाबरून माझ्या मागे लपला. आणि ती उभी राहून ओरडायला लागली. अहो, ओरडायला! तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला ते सांगता येणार नाही.

"त्यांना कळत नव्हतं का? पुढे बघायचं असतं हे त्यांना कळत नव्हतं? मला वाटलं, ते 'नंतर' म्हणतील! 'नंतर दाखव' असं म्हणता येत नव्हतं? मी तर दुसरीत होते! ते मोठे होते! मी दुसरीत होते!"

हेच पुन्हा पुन्हा. टेबलावर मुठी आपटत होती. मी जवळ गेले नाही. मी जवळ गेले असते तर ती थांबली असती. मग बाकावरच्या मैत्रिणीचं नाव घेऊन रडली. ते नाव घरात कुणीच घेत नव्हतं, मीसुद्धा नाही. ती इतकी रडली की शेवटी उलटी झाली. मी पुसून घेतलं. ती म्हणाली, "मला ते आवडत नाहीत आता." मी म्हटलं, "बरं."

हे सगळं मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्हाला दुखणार हे माहीत आहे. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकली. ज्याची आहे त्याच्याच अंगावर टाकली. रात्रभर झोपली. मी उठून बघितलं, हात पाय पसरून, तोंड उघडं ठेवून, अपघाताआधी झोपायची तशी.

तिचा तुमच्यावरचा राग जाईल की नाही, मला माहीत नाही. काही वर्षं राहील, कदाचित कायमचा राहील. तुम्ही बाहेर याल तेव्हा ती तुमच्याशी बोलेल असं वचन मी देऊ शकत नाही. मला एवढंच सांगायचं आहे, तो राग तिच्याकडे राहू द्या. तिला समजवायला पत्र पाठवू नका. बाळा, बाबाला वाईट वाटतं, असं लिहू नका. तुम्हाला वाईट वाटतं हे कळलं तर ती तो राग पुन्हा गिळून टाकेल, ती तशीच आहे, तुमच्यासारखी. तुम्ही गावाच्या शिव्या न केलेल्या गोष्टीसाठी खाल्ल्यात. हा राग केलेल्या गोष्टीचा आहे. तो घ्या आणि गप्प बसा.

ती म्हणते, मी पुन्हा तिथे येणार नाही. मी तिला आग्रह केला नाही.

मी येईन. या वेळी नको म्हणू नका.